‘सेंद्रिय’ची हमी नेमकी कोणाची?

पुण्या-मुंबईतील मोठ्या किराणा दालनांत आता ‘सेंद्रिय’ मालासाठी स्वतंत्र मांडणी असते. तूरडाळ, गूळ, हळद, तीळ, ज्वारीचे पीठ असे रोजचेच जिन्नस; किंमत मात्र नेहमीच्या मालापेक्षा बरीच चढी. वेष्टनावर हिरवे पान, बैलजोडीचे चित्र आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी ओळ. घरातील लहान मुलाला किंवा आजारी माणसाला तरी शुद्ध अन्न मिळावे, या भावनेने ते पाकीट घेतले जाते. ही डाळ डोळ्यांना नेहमीच्या डाळीसारखीच दिसते आणि शिजतेही तशीच. फरक असतो तो शेतात, दोन-तीन वर्षे आधीपासून घडत आलेल्या गोष्टींमध्ये, आणि त्या गोष्टी ग्राहकाने पाहिलेल्या नसतात. जादा पैसे मोजताना तो खरे तर एका प्रमाणपत्रावर विश्वास टाकत असतो.

हे प्रमाणपत्र कोण देते, कशाच्या आधारे देते आणि ते खरे की खोटे हे घरबसल्या तपासता येते का, हे प्रश्न गेल्या काही वर्षांत अधिक टोकदार झाले आहेत. सरकारी संकेतस्थळांवर यासंबंधीची पुष्कळ माहिती खुली झाली आहे. दुसरीकडे, याच व्यवस्थेत झालेले गैरप्रकार आंतरराष्ट्रीय पातळीवर उघड झाले असून त्यांची किंमत प्रामाणिकपणे शेती करणाऱ्यांनाही मोजावी लागली आहे.

प्रमाणपत्राची वाटचाल

भारतात सेंद्रिय मालाच्या प्रमाणीकरणाला सरकारी चौकट मिळाली ती २००१ मध्ये. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’, म्हणजे एनपीओपी, आखला आणि त्याची अंमलबजावणी कृषी व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाकडे, अर्थात ‘अपेडा’कडे सोपविली. मंत्रालयाच्या नावावरूनच हेतू स्पष्ट होतो. युरोप-अमेरिकेतील खरेदीदारांचे समाधान करणे हे मूळ उद्दिष्ट होते; देशातील ग्राहकाचा विचार फार नंतर झाला.

या पद्धतीत त्रयस्थ प्रमाणन संस्था शेताची पाहणी करतात. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे, तर फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे शेत ‘रूपांतर काळात’ असावे लागते. या काळात रासायनिक खत नाही, कीटकनाशक नाही, तणनाशक नाही आणि जनुकीय बदल केलेले बियाणेही चालत नाही. शेजारच्या शेतातील फवारणी वाऱ्याने येऊ नये म्हणून बांधालगत मोकळी पट्टी सोडावी लागते. बियाणे कोठून आणले, शेणखत कोणाचे, कापणी केव्हा झाली, माल कोणत्या पोत्यांत भरला, याची नोंदवही ठेवावी लागते. माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक टप्प्यावर व्यवहाराचे प्रमाणपत्र निघते. २०१० पासून या साखळीची नोंद अपेडाच्या ‘ट्रेसनेट’ या संगणकीय प्रणालीत होऊ लागली.

दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला हा सगळा व्याप एकट्याने पेलणारा नाही. त्यामुळे शेतकऱ्यांचे गट करून त्या गटालाच प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. गटाने आपली अंतर्गत नियंत्रण यंत्रणा उभी करायची, प्रत्येक सभासदाच्या शेताची पाहणी आपल्याच माणसांकडून करायची आणि बाहेरच्या निरीक्षकाने त्यातील काही शेते नमुन्यादाखल तपासायची, अशी ही रचना. सभासदसंख्येचे वर्गमूळ हा नमुन्याचा किमान हिशेब दीर्घकाळ प्रचलित होता. चारशे शेतकऱ्यांचा गट असेल, तर साधारण वीस शेते. उरलेल्या तीनशे ऐंशी शेतांची हमी गटाच्या नोंदवहीवर अवलंबून. ही वही गावात बसून लिहिली गेली की शहरातील कार्यालयात, हे सर्टिफिकेटाच्या कागदावरून कळत नाही.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सेंद्रिय प्रमाणपत्र हे पिकविण्याच्या पद्धतीचे असते. प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो, पण तो संशय निवारणासाठी किंवा खरेदीदाराच्या मागणीसाठी. हातातील पाकिटात कीटकनाशकाचा एकही अंश नाही, असे ते प्रमाणपत्र सांगत नाही. उलटपक्षी, ज्या मालात अंश आढळला नाही तो सेंद्रियच असेल, असेही म्हणता येत नाही. म्हणून या व्यवहारात नोंदींच्या खरेपणाला इतके महत्त्व आहे.

बनावट संकेतस्थळाचा धडा

नोंदी खोट्या असल्या तर काय होते, हे कापसाने दाखवून दिले. जर्मनीस्थित ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड’ या वस्त्रोद्योगातील मानक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले, की भारतातील सुमारे २० हजार टन कापसाला खोट्या कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय ठरविण्यात आले होते. देशातील सेंद्रिय कापसाच्या एकूण उत्पादनाचा तो जवळपास सहावा हिस्सा होता. अकरा कंपन्यांवर या संस्थेने प्रमाणीकरणाची बंदी घातली.

या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील तांत्रिक होता. कच्च्या कापसाच्या बनावट प्रमाणपत्रांवर ‘क्यूआर कोड’ छापलेले होते आणि तो कोड स्कॅन केला की सरकारी नियामकाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत असे. खरेदीदाराने खातरजमा करण्यासाठी म्हणून जे पाऊल उचलावे, तेच त्याला बनावट पानावर नेत होते. कागद खोटा असेल तर संकेतस्थळ पाहा, हा आजवरचा सल्ला. येथे संकेतस्थळही कागदाइतकेच खोटे निघाले. त्यानंतर अपेडानेही काही प्रमाणन संस्थांवर कारवाईचा बडगा उगारला.

असा प्रकार कापसातच का व्हावा, याचे उत्तर विदर्भ-मराठवाड्यातील कोणताही कापूस उत्पादक देऊ शकेल. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशातील कापसाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी वाणांनी व्यापले. सेंद्रिय कापसासाठी बीटीविरहित बियाणे लागते; पण बाजारात खपच नसल्याने बियाणे कंपन्यांनी त्यातून अंग काढून घेतले. जे थोडे बियाणे मिळते त्याची शुद्धता टिकविणे कठीण, कारण चहूबाजूंनी बीटीची शेते, परागीभवन करणाऱ्या मधमाश्या आणि जिनिंगमध्ये एकाच यंत्रातून जाणारी सरकी. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतील तयार कपड्यांच्या नामांकित कंपन्यांनी ‘सेंद्रिय’ कापडाची मागणी वाढविली. माल थोडा, मागणी मोठी आणि दोहोंमध्ये केवळ कागद, अशी ही स्थिती होती.

कापसापाठोपाठ तिळाचे प्रकरण गाजले. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियममध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश सापडले. साठवणीतील जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा हा वायू युरोपात खाद्यपदार्थांसाठी निषिद्ध आहे. परत गेलेल्या मालात सेंद्रिय म्हणून विकलेला तीळही होता. शेतात रसायन न वापरणाऱ्या शेतकऱ्याचा माल पुढे कोणत्या गोदामात, कोणाच्या हातून गेला यावर त्याचे काहीच नियंत्रण नसते. तरीही नाव जाते ते त्याच्या मुलुखाचे. युरोपीय महासंघाने २०२२ च्या आरंभापासून भारतातील पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. अमेरिकेच्या कृषी विभागाने तर त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये, अपेडाशी २००६ पासून असलेली मान्यतेची व्यवस्था संपुष्टात आणली होती. दीड वर्षाची मुदत संपल्यावर, जुलै २०२२ पासून, अमेरिकेला माल पाठविणाऱ्यांना थेट तेथील मान्यताप्राप्त संस्थांकडून नव्याने प्रमाणपत्र घेणे भाग पडले.

याचे प्रतिबिंब आकड्यांत दिसते. अपेडाच्या माहितीनुसार २०२०-२१ मध्ये भारतातून ८ लाख ८८ हजार टन सेंद्रिय माल निर्यात झाला आणि त्यातून १०४ कोटी डॉलर मिळाले. २०२३-२४ मध्ये हाच आकडा २ लाख ६१ हजार टन आणि सुमारे ४९ कोटी ५० लाख डॉलर इतका खाली आला. ही सारी घसरण अविश्वासामुळेच झाली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सेंद्रिय सोयापेंडीवर अमेरिकेने २०२२ मध्ये लावलेले जबर शुल्क आणि करोनाकाळात फुगलेली मागणी ओसरणे, ही कारणेही त्यामागे आहेत. २०२४-२५ मध्ये निर्यात काहीशी सावरली. पण २०२०-२१ ची पातळी तिने गाठली नाही.

पाकीट हाती घेतल्यावर

देशातील ग्राहकासाठी कायदेशीर व्यवस्था आली ती २०१७ मध्ये. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) त्या वर्षी सेंद्रिय खाद्यपदार्थांचे नियम अधिसूचित केले आणि जुलै २०१८ पासून ते लागू झाले. पाकिटावर ‘सेंद्रिय’ किंवा ‘ऑरगॅनिक’ असे लिहायचे असेल, तर एनपीओपी किंवा ‘पीजीएस-इंडिया’ यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्यासोबत ‘जैविक भारत’ हे चिन्ह आले. निर्यातीच्या मालावर त्याआधीपासून ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह होतेच. या दोहोंऐवजी एकच चिन्ह असावे, असा निर्णय पुढे झाला. चिन्हे अशी बदलत असल्याने ग्राहकाने चित्रापेक्षा क्रमांकाकडे लक्ष देणे शहाणपणाचे.

पाकिटावर दोन गोष्टी शोधाव्या लागतात. पहिली, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक. तो प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाच्या नावे आहे, चालू आहे की नाही, हे समजते. अनेकांचा समज होतो की हा क्रमांक असला म्हणजे माल सेंद्रिय. तसे नाही, बिस्किटापासून फरसाणापर्यंत प्रत्येक पाकिटावर तो असतोच. सेंद्रियतेचा पुरावा म्हणजे दुसरी गोष्ट : प्रमाणन संस्थेचे नाव व तिचा मान्यता क्रमांक, अथवा पीजीएस गटाची ओळख. अपेडाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उपलब्ध असते. पीजीएसच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत गटांचा शोध घेता येतो. केंद्रीय कृषी मंत्रालयाचे ‘जैविक खेती’ हे संकेतस्थळ तर शेतकरी आणि खरेदीदार यांची थेट गाठ घालून देण्यासाठीच आहे. कापसाच्या प्रकरणातून घेण्याजोगा धडा असा, की पाकिटावरील कोड स्कॅन करून जे पान उघडेल त्यावर विसंबू नये. नियामकाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाकून तेथे क्रमांक पडताळावा.

कागदोपत्री हे सोपे वाटते. प्रत्यक्षात डाळीचे एक पाकीट घेण्यासाठी कोणती गृहिणी चार संकेतस्थळे धुंडाळणार? ‘स्कोप सर्टिफिकेट’, ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’, ‘ऑपरेटर’ अशी परिभाषा निर्यातदाराला पाठ असते. किराणा भरणाऱ्याला तिचा बोध होत नाही. व्यवस्था निर्यातदाराच्या सोयीने घडली, त्याच्या खुणा संकेतस्थळांवर अजून दिसतात.

सुट्या मालाचा प्रश्न याहून वेगळा आहे. आठवडी बाजारात, गृहसंकुलाच्या दाराशी किंवा शेतकरी बाजारात जो माल थेट शेतकऱ्याकडून मिळतो, त्याला २०१७ च्या नियमांनी सवलत दिली. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असलेल्या छोट्या उत्पादकाने अंतिम ग्राहकाला थेट विक्री केली, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र त्याला ‘जैविक भारत’ चिन्ह वापरता येत नाही. ही सवलत रास्त आहे. तथापि तिचा आडोसा घेऊन मार्केट यार्डातून उचललेली भाजी ‘शेतातली सेंद्रिय’ म्हणून विकणारेही असू शकतात. गाव कोणते, गट कोणता, या हंगामात आणखी काय पिकविले, असे दोन-तीन साधे प्रश्न अशा वेळी पुष्कळ काही सांगून जातात. खरा शेतकरी त्यावर भरभरून बोलतो. बाराही महिने टोमॅटो, फ्लॉवर आणि भेंडी एकाच टोपलीत घेऊन येणाऱ्याला मात्र उत्तर देताना अडखळायला होते.

शेजाऱ्याची साक्ष

त्रयस्थ प्रमाणपत्राचा खर्च आणि कागदांचा पसारा छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही, या जाणिवेतून सहभागी हमी पद्धत, म्हणजे पीजीएस, पुढे आली. तिच्या भारतातील वाटचालीत गोव्याचा वाटा मोठा आहे. पर्यावरण चळवळीतील क्लॉड अल्वारिस आणि म्हापशातून काम पाहणारी ‘ऑरगॅनिक फार्मिंग असोसिएशन ऑफ इंडिया’ यांनी ही कल्पना लावून धरली. पुढे केंद्रीय कृषी मंत्रालयाने गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रामार्फत सरकारी पीजीएस-इंडिया सुरू केली. एकाच परिसरातील किमान पाच शेतकरी एकत्र येतात, एकमेकांच्या शेतांना भेटी देतात, शपथपत्र करतात आणि गट म्हणून निर्णय घेतात. रूपांतर काळातील मालाला ‘पीजीएस ग्रीन’ आणि तो काळ पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस ऑरगॅनिक’ असे दोन दर्जे आहेत. एकाने चोरून फवारणी केली तर तणनाशकाने पिवळा पडलेला बांध शेजाऱ्याला दिसतोच; शहरातून वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाला तो दिसेलच असे नाही. या पद्धतीचे बळ हेच.

तिचा कच्चा दुवाही त्याच ठिकाणी आहे. गावातील भावकी, सोयरीक आणि सोसायटीचे राजकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शेजारी शेजाऱ्याविरुद्ध कितपत साक्ष देईल हे सांगायला नको. गट जेथे एखाद्या ध्येयाने जमलेला आहे तेथे पीजीएस चांगली चालते. अनुदानासाठी जमविलेल्या गटात योजना संपली की बैठकाही संपतात. शिवाय पीजीएसचा माल सेंद्रिय म्हणून निर्यात करता येत नाही. त्यासाठी एनपीओपीचेच प्रमाणपत्र लागते.

शब्दांचा गोंधळ

ग्राहकाची अडचण केवळ ‘सेंद्रिय’ या एका शब्दाने संपत नाही. ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘रेसिड्यू फ्री’, ‘जैविक’, ‘देशी’ असे शब्द एकाच फळीवर शेजारी-शेजारी नांदत असतात आणि विक्रेता ते एकाच अर्थाने वापरतो. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत, काही तर परस्परविरोधी आहेत.

अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची नैसर्गिक शेती देशी गाईचे शेण-गोमूत्र, जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा या सूत्रांवर उभी आहे. गांडूळखत आणि बाहेरून विकत आणलेल्या निविष्ठांवर आधारलेल्या सेंद्रिय शेतीचे ते कडवे टीकाकार आहेत. केंद्राने २०१९ च्या अर्थसंकल्पात ‘झिरो बजेट’ शेतीचा पुरस्कार केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये २ हजार ४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. साडेसात लाख हेक्टर आणि एक कोटी शेतकरी हे त्याचे लक्ष्य. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे सेंद्रिय शेती अभियान २०१८ पासून विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत राबविले जात होते. २०२३ मध्ये त्याचा विस्तार करून २५ लाख हेक्टरचे उद्दिष्ट जाहीर झाले. एका मंत्रालयाचा ‘सेंद्रिय’ आणि दुसऱ्याचा ‘नैसर्गिक’ अशा दोन वाटा सरकारनेच आखल्यावर ग्राहकाने त्यातील भेद कोणाला विचारावा?

‘रेसिड्यू फ्री’ची कुळकथा आणखी निराळी. ती नाशिकच्या द्राक्षांतून आली. २००३ मध्ये कीटकनाशकांचे अंश जास्त आढळल्याने युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडले. त्यानंतर अंश तपासणीची पद्धत बसविण्यात आली, पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रावर त्याची मुख्य जबाबदारी आली आणि २००६ पासून ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत प्रत्येक बागेची नोंद होऊ लागली. या द्राक्षांवर फवारणी होते. पण कोणते औषध, किती दिवस आधी, याचे काटेकोर वेळापत्रक पाळून तोडणीच्या वेळी अंश मर्यादेच्या आत ठेवला जातो. ग्राहकाच्या आरोग्यापुरते पाहिले, तर ही शिस्त मोलाची आहे. मात्र तिला सेंद्रिय म्हणणे ही फसवणूक ठरते, आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने दोहोंतील अंतर फार मोठे आहे. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले. फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्याला पाकिटावरील अंशाच्या मर्यादेने काही संरक्षण मिळत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाहेर तर मोकळे रानच होते. साबण, शाम्पू, भांडी घासण्याचे द्रावण, कापडी पिशवी यांवर ‘ऑरगॅनिक’ वा ‘इको-फ्रेंडली’ लिहिताना अन्नसुरक्षेचे नियम आड येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये याबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम दावे आता योग्य खुलासा आणि पुराव्याविना करता येत नाहीत. त्याच्या काही दिवस आधी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९१ पासून कागदावरच राहिलेल्या ‘इकोमार्क’ योजनेचे नवे नियम आणले. मातीच्या मडक्याचे ते चिन्ह किती वाचकांनी एखाद्या वस्तूवर प्रत्यक्ष पाहिले असेल, हा प्रश्नच आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. मात्र तक्रार टिकायची तर पाकीट आणि बिल जपून ठेवावे लागते.

भुर्दंड कोणाला?

प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेशाखालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक लागतो, असे अभिमानाने सांगितले जाते. देशपातळीवर मार्च २०२४ अखेर ७३ लाख हेक्टर क्षेत्र प्रमाणित असल्याची नोंद आहे. त्यातील सुमारे २८ लाख हेक्टर हे जंगलातून गोळा होणाऱ्या वनोपजाचे आहे, हे मात्र भाषणांत सांगायचे राहून जाते. उरलेल्या क्षेत्रातही रूपांतर काळातील शेतांचा समावेश असतो.

या रूपांतर काळातच शेतकऱ्याची खरी कसोटी लागते. रसायने बंद केल्यावर पहिली दोन-तीन वर्षे उत्पादन घटण्याची शक्यता असते. निंदणीची मजुरी वाढते, आणि माल अद्याप सेंद्रिय ठरलेला नसल्याने जादा भाव मिळत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१ हजार ५०० रुपयांची तरतूद आहे. त्यातील १५ हजार रुपये निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात आणि प्रमाणीकरण व अंश तपासणीसाठी ३ हजार रुपये धरले आहेत. वर्षाला हजार रुपयांत हेक्टरभर शेताची जी तपासणी होऊ शकते, तेवढीच होते.

जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीची आठवी आवृत्ती जाहीर झाली. ट्रेसनेटचे नवे रूप आले, संकेतस्थळे नव्याने बांधली गेली आणि शेतकरी गटांना कायदेशीर अस्तित्व असण्याची अट घालण्यात आली. युरोपीय महासंघाच्या नव्या नियमांनीही हाच आग्रह धरला आहे. आजवर बहुतेक गटांची कागदपत्रे प्रक्रिया उद्योग किंवा निर्यातदार कंपनीच्या कपाटात असत. प्रमाणपत्र कंपनीच्या नावे, शेतकरी केवळ यादीतील एक क्रमांक. कंपनीने माल उचलायचे थांबविले, तर शेतकऱ्याच्या हाती तीन वर्षांच्या कष्टांचा कोणताही पुरावा उरत नसे. कापसाच्या प्रकरणात अनेकांची नावे त्यांना न विचारताच कागदांवर चढली असावीत, असा संशय घेण्यास याच रचनेने जागा ठेवली. गट स्वतः नोंदणीकृत शेतकरी उत्पादक कंपनी झाला, तर प्रमाणपत्र त्याच्या मालकीचे राहील. परंतु लेखापरीक्षण, सभा, विवरणपत्रे यांचा खर्चही त्याच्याच माथी येईल. हा भार उचलू न शकणारे गट विखुरले, तर त्यांच्या सभासदांचा माल पुन्हा साध्या मालात जमा होईल.

राज्यातील बहुतेक बाजार समित्यांत सेंद्रिय तुरीचा वेगळा लिलाव होत नाही. यादीतून नाव गळालेला शेतकरी आपली पोती घेऊन तेथेच जातो. आडत्या मूठभर तूर हातावर घेऊन ओलावा पाहतो, दाणा पाहतो, त्या दिवशीचा भाव सांगतो. आणि पोती इतरांच्या ढिगावर रिकामी होतात.